कागदावर नको

१० ऑक्टोबर २०२२

चि. कांचन,
अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि तुझी लेकही. ई-मेल मुद्दाम केली नाही, कारण कॉलेजच्या खात्यातून गेलेली ओळ कायमची त्यांच्या दप्तरात राहते. फोन केला असता, पण फोनवर मी भडाभडा बोलून मोकळी होते आणि मग पस्तावते. माझी ही खोड तुझ्या घराला चांगली माहीत आहे.

स्वानंदी माझ्याकडे पियानो शिकायला लागली त्याला वर्ष झालं. या कॉलेजात शिकवते त्या बत्तीस वर्षांत हुशार पोरं पुष्कळ आली, ऐकणारी थोडी. ही ऐकते. एखादा स्वर वाजवून झाला तरी त्याचं पुढे काय होतं ते बघत बसते. माझ्या मैत्रिणीची, ऋताची भाची म्हणून मी तिचे लाड करते असं समजू नकोस. उलट दोन शिव्या जास्तच घालते.

पण सप्टेंबरपासून चार वेळा एक गोष्ट पाहिली. वाजवता वाजवता हिचे हात थांबतात. डोळे उघडे, ओठ किंचित हलतात. मी आकडे मोजते, दहा, कधी बारा. मग ती पुन्हा सुरू होते, पण मधलं काहीतरी गळालेलं असतं. विचारलं की 'सॉरी, लक्ष नव्हतं' म्हणते आणि मान खाली घालते. अगं, लक्ष नसलेली पोरं बघण्यातच माझा जन्म गेला. हे ते नव्हे.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पाच परीक्षकांसमोर पाऊण तास वाजवायचं असतं, तेही सगळं पाठ. त्यात पास होईल तोच वादनाच्या पदवीला पुढे जातो. तिथे हे झालं तर 'तयारी नाही' असं लिहून ते मोकळे होतील.

नियमाप्रमाणे मी तिलाच सांगायला हवं की बाई गं, डिसॅबिलिटी ऑफिसात जा, नाव नोंदव. तुझ्याशी यातलं काही बोलायची मला परवानगीसुद्धा नाही. पण वीस वर्षांची झाली म्हणून काय झालं, आपल्यात आईच्या कानावर आधी घालतात. म्हणून सरळ विचारते. हे ऋताचंच दुखणं आहे का? खरं सांग.

तुझी,
शोभनाताई

*

१९ ऑक्टोबर २०२२
पार्सिपनी

ती. शोभनाताई,
सा. न.

पुढचं पत्र घरी नको, ऑफिसच्या पत्त्यावर टाका. शेवटी लिहिला आहे. तुमचं पाकीट नेमकं स्वानंदीनंच मेलबॉक्समधून आणलं, वीकेंडला घरी आली होती. 'मावशीचं लेटर? हाऊ क्यूट!' म्हणाली. मी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

हो. तेच आहे. चौदाव्या वर्षी सुरू झालं. मोठ्या फिट्स दोनच आल्या, बाकी तुम्ही पाहिलंत तसं हरवणं. राजीव, मी आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत आहे. पुण्याला सासूबाईंना सांगितलेलं नाही, इथे मंडळात तर नाहीच नाही. ती ड्राइव्ह करत नाही ना, तर आम्ही सांगतो की हायवेला घाबरते. सगळे हसतात. तीही हसते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत कोण विचारतंय! ताई, आपली माणसं विचारतात. गणपतीला दोनशे माणसं जमतात आणि प्रत्येकीला दुसरीच्या पोरांचं सगळं हवं असतं, कॉलेज कुठलं, मार्क किती, चष्मा कधी लागला. एकदा कागदावर आलं की ते फिरतच राहणार.

तुम्हाला आठवण करून द्यायची नव्हती, पण देते. मी नऊ वर्षांची होते. ऋताताई सायकलरिक्षातून उतरली आणि मागे तिची ट्रंक होती. लग्नाला सात महिने झाले होते. बाबांनी मुलाकडच्यांपासून दुखणं लपवलं, चूक त्यांचीच. पण ते फुटलं कसं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही तिच्या सासरी गेलात आणि चार बायकांदेखत विचारलंत, 'ऋता, गोळ्या वेळेवर घेतेस ना गं?' तुमच्या पोटात माया होती, कळतं मला. पण आठ दिवसांत ती माहेरी होती. मग चौदा वर्षं तिथेच राहिली, मरेपर्यंत.

तेव्हा तुम्ही बोललात. आता गप्प राहा. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, एवढंच मागते. स्वानंदीला हवी तेवढी मदत करा, पण आपल्यातल्या आपल्यात. कागदावर नको.

तुमची,
कांचन

*

५ नोव्हेंबर २०२२

चि. कांचन,

तुझं पत्र दोन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. रोज उत्तर लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते.

तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं. चाळीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ऋता ओट्यापाशी उभी होती, हातात तिळगुळाची वाटी. मी बोलून गेले आणि तिच्या सासूची मान वळली. अजून दिसते मला ती वळलेली मान. इथे लोक विचारतात, अपंग विद्यार्थ्यांसाठी तुम्ही एवढ्या का भांडता? मी भाषणात शोभेल असं काहीतरी सांगते. खरं कारण तुझ्या पत्रात आहे.

पण माझंही ऐक. पहिलं भांडण पंच्याण्णव सालचं. चेलो वाजवणारा एक पोरगा होता, व्हीलचेअरवरचा. सभागृहाच्या स्टेजला पाच पायऱ्या. दर वेळी चारजण त्याला उचलून वर ठेवायचे, मोठ्या प्रेमानं. बघणारे म्हणायचे, काय गुणी मुलं! एक दिवस तो मला म्हणाला, या चौघांतल्या एकाशी माझं भांडण झालं तर मी वाजवायचं कसं? दोन वर्षं पत्रं लिहिली, डीनच्या दारात बसून राहिले, तेव्हा उतार बांधला गेला. तेव्हापासून प्रत्येकाला एकच सांगते, कुणाची मेहेरबानी घेऊ नका, हक्क कागदावर घ्या. ब्रेलमधलं नोटेशन, परीक्षेला जादा वेळ, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं, सगळं कागदावर मिळवलं. माझ्या माघारी विभागात मला 'मॅडम पेपरवर्क' म्हणतात.

आणि तू मला म्हणतेस, कागदावर नको. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर उभं झाडलं असतं. तुला नाही म्हणायला मला तोंड नाही. तुझं ऐकते.

तर असं करू. पाठ वाजवायची अट मी माझ्या अधिकारात सैल करते, कार्यक्रमांत आणि परीक्षेतही. शिक्षकाला तेवढी मुभा असते, कारण कुणी विचारत नाही. समोर नोटेशन राहील आणि पानं उलटायला मी शेजारी बसेन. ती हरवली की मी पानाशी धडपडल्यासारखं करीन, पान चिकटलंय, निघतच नाही. भानावर आली की बोट ठेवीन, तिथून ती उचलेल. बघणारे म्हणतील, म्हातारीचे हात चालत नाहीत. म्हणू देत. तिला फक्त एवढंच सांगितलंय की पानं मी उलटणार. का, ते तिनं विचारलं नाही. शहाणी आहे.

एक वचन मात्र दे. औषध बदललं किंवा मोठी फिट आली तर मला लगेच कळवायचं. मी अंधारात राहिले तर माझा काही उपयोग नाही.

शोभनाताई

*

२० डिसेंबर २०२२
पार्सिपनी

ती. शोभनाताई,
सा. न.

वचन दिलं, दिलं, दिलं!

परवाचा कार्यक्रम बघून मी घरी येऊन ढसाढसा रडले. तुम्ही ते पान सोडवत होतात ना, अंगठा ओला करून, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. कुण्णाला कळलं नाही. राजीव म्हणाला, ही बाई नाटकात असायला हवी होती.

अर्विंगहून एक काकू लेकीकडे आल्या आहेत, त्याही होत्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, 'तुमची मुलगी लाखात एक आहे हो. शिक्षण झालं की सांगा, माझा शंतनू आहे.' आत्ता कुठलं लग्न, आणि स्वानंदी ऐकेल तर माझा जीव घेईल. पण बघा, विचारतात की नाही? मी उगीच घाबरत नव्हते.

मेतकूट आणि भाजणी पाठवते आहे. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

कांचन

*

१४ मे २०२३

चि. कांचन,

दुसरं वर्ष संपलं. तीन कार्यक्रम झाले आणि माझी पानं तीनदा चिकटली. मागच्या आठवड्यात विभागातल्या एकानं हसत हसत विचारलं, 'शोभना, तुझी पानं फक्त याच मुलीची चिकटतात का?' मीही हसले. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

सध्या आर्यचं प्रकरण चालू आहे. आर्यला जन्मापासून दिसत नाही, गातो सुरेख. परीक्षेत समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाचून गायचं असतं. त्याला ते ब्रेलमध्ये द्या म्हणते, तर वरचे म्हणतात एवढ्यानं काय होतं, त्याला तोंडी सांगा, आम्ही सांभाळून घेऊ. मी बैठकीत टेबलावर हात आपटला. सांभाळून घेऊ नका, म्हटलं, कागदावर द्या. आणि कांचन, बोलता बोलता माझं तोंड कडू झालं. आर्यला एक न्याय आणि आपल्या पोरीला दुसरा, असंच ना?

त्याच दिवशी दुपारी स्वानंदी आली. वाजवायला बसली नाही, दारात उभी राहून म्हणाली, 'मावशी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.' तिचा चेहरा बघून मी ओळखलं. आपलं गुपित उघडं करायला लावून तिला कशाला ओशाळं करायचं? मी म्हटलं, 'अगं, मला सगळं माहीत आहे. तू वाजव.' ती बसली आणि वाजवलंन. बिचारीची सुटका झाली असेल.

पुढच्या एप्रिलमध्ये मोठी परीक्षा. पाऊण तास ही कसरत मला झेपेल असं वाटत नाही. पुन्हा एकदा विचारते, डॉक्टरांची एक चिठ्ठी दे. बाकी मी बघते. ते दप्तर बंद कपाटात असतं, तुझ्या मंडळातल्या बायकांना तिथे प्रवेश नाही.

शोभनाताई

*

११ फेब्रुवारी २०२४
पार्सिपनी

ती. शोभनाताई,
सा. न.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतके महिने लावले, माफ करा. खरं म्हणजे उत्तर तेच आहे म्हणून लिहिलं नाही. आता दोनच महिने राहिले. एवढं निभावलंत, शेवटचं एकदा निभावून न्या. परीक्षा झाली की पुढे कधी पानं उलटायला सांगणार नाही.

स्वानंदी बरी आहे. जानेवारीत सुट्टीवर असताना बाथरूममध्ये जरा पाय घसरून पडली, फरशी ओली होती. खांद्याला खरचटलं, बाकी काही नाही. अभ्यासानं दमते, दुपारी झोपते. तुम्ही वर्गात बघाल तर काळजी करू नका.

कांचन

*

२३ एप्रिल २०२४

चि. कांचन,

हॉस्पिटलात तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस, म्हणून लिहिते. काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. माझ्याकडून सगळं ऐक.

परीक्षा गुरुवारी अकराला होती. आर्यची सुनावणी शुक्रवारी होती. बुधवारी निरोप आला की तीही गुरुवारी, अकरालाच. मी गेले नसते तर ते प्रकरण बंद करणार होते, वर्षभराची मेहनत पाण्यात. स्वानंदीची वेळ बदलून मागावी, तर कारण काय देऊ? कारण कागदावर नव्हतं. विभागात साथ करणाऱ्या एक बाई आहेत, भल्या आहेत, त्यांना म्हटलं, एवढी पानं उलटा. त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असंच ठरलं होतं ना आपलं?

बाराव्या मिनिटाला ती हरवली. बाईंनी शिस्तीत पान उलटलं. भानावर आली तर समोर भलतंच पान. एका परीक्षकानं हात वर करून थांबवलं आणि म्हणाला, तयारी झालेली दिसत नाही, उतरा खाली. ती उठली आणि तिथेच मोठी फिट आली. स्टेजच्या कडेवरून खाली पडली. त्या खोलीत सहा सुशिक्षित माणसं होती आणि काय करायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. एकानं तिचे हात दाबून धरले. चांगल्या मनानं धरले, पण डावं मनगट आधीच मोडलेलं होतं, ते आणखी दुखावलं.

नाव नोंदलेलं असतं तर त्या खोलीत एक शिकवलेला माणूस बसला असता. पियानो स्टेजच्या खाली ठेवला असता. तिला थांबवून 'उतरा' म्हणायची कुणाची छाती झाली नसती. हे सगळं मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी करून घेतलंय. तो नियम मीच लिहिलाय, कांचन, माझ्या सहीचा आहे.

काल मला बोलावलं. 'तुम्हाला माहीत होतं?' म्हणाले. हो म्हटलं. 'कधीपासून?' दीड वर्ष. 'कागद कुठे आहे?' नाही. मी राजीनामा लिहून दिला. आर्यचा निकाल पुढे ढकलला आहे. जिनं स्वतः नियम मोडले तिच्या शिफारशींवर फेरविचार करायचाय म्हणे. त्या पोराला काय तोंड दाखवू? त्यानं मला फोन केला होता, स्वानंदी कशी आहे विचारायला.

मला एकच सांग. हे अचानक झालं, की आधी काही झालं होतं?

शोभना

*

१२ मे २०२४
पार्सिपनी

ती. शोभनाताई,

दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं आहे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, पियानोपुरतं येईल असं सांगता येत नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा स्वानंदी म्हणाली, 'आई, स्टॉप.' त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. राजीवशी बोलते, माझ्या हातचं जेवते, पण बोलत नाही.

हो, आधी झालं होतं. जानेवारीत फरशी ओली नव्हती. मोठी फिट होती, चार मिनिटांची, औषधही बदललं. तुम्हाला वचन दिलं होतं आणि मी लपवलं. कळवलं असतं तर तुम्ही परीक्षा थांबवली असतीत. मला वाटलं, दोनच महिने, दोन महिने देव बघेल. मी तिची आई आहे आणि मी हे केलं.

आता दुसरं सांगते. हे त्याहून वाईट आहे.

ऋताताई परत आली त्या रात्रीपासून मी तिच्या शेजारी झोपायचे. घरात सगळे तुम्हाला शिव्याशाप देत होते. आई तर म्हणायची, त्या शोभनीचं नाव काढू नका. आणि ताई मला कुशीत घेऊन म्हणाली होती, 'शोभना बोलली ते बरंच झालं गं. गोळी गिळायला मला न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावावी लागायची. मी दमले होते.' पुढे तुम्ही अमेरिकेला गेलात तेव्हा तिनं मला सांगितलं, शोभनाला हे कळव. मी कळवलं नाही. आधी लहान होते म्हणून, मग राहून गेलं म्हणून. आणि दीड वर्षापूर्वी तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ते लख्ख आठवलं आणि मी मुद्दाम लिहिलं नाही. तुम्हाला गप्प करायला माझ्याकडे तेवढंच होतं.

ताईनं तुम्हाला कधीच दोष दिला नाही. तुम्ही चाळीस वर्षं जे ओझं वाहिलंत ते तुमचं नव्हतंच. आणि त्याच्याच जोरावर मी तुम्हाला वाकवलं. माफी मागायचीसुद्धा लाज वाटते.

तुमची सगळी पत्रं मी स्वानंदीला देते आहे. माझी तुमच्याकडे असतील तर तीही तिच्या नावानं पाठवा. मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

कांचन

*

९ जून २०२४

प्रिय शोभनामावशी,

तुम्ही पाठवलेली आईची पत्रं मिळाली. तुमची आईनं दिली. मी ती तारखेप्रमाणे लावून वाचली. मला तीन दिवस लागले, कारण मी मराठी शाळेत पाचवीपर्यंतच गेले. काही शब्द बाबाला विचारले. 'मेहेरबानी' म्हणजे काय ते विचारलं. त्यानं सांगितलं आणि मग तो घरामागच्या डेकवर जाऊन उभा राहिला.

मी पण मराठीत लिहिते. चुका असतील.

दीड वर्ष तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलत होतात. प्रत्येक पत्रात मी आहे. पण एकही पत्र मला नाही. आई लिहिते लग्न, तुम्ही लिहिता ऋतामावशी. मी ऋतामावशीला कधी पाहिलंच नाही. मला खूप राग आला. मग रडू पण आलं, कारण तुमचं दोघींचं माझ्यावर प्रेम आहे हे मला वाचताना कळत होतं. प्रेम नसतं तर राग सोपा झाला असता.

गेल्या वर्षी मी तुम्हाला काहीतरी सांगायला आले होते. तुम्ही लिहिलंय की माझी सुटका झाली. नाही झाली, मावशी. मला विचारायचं होतं की तो फॉर्म कुठे मिळतो. आर्य म्हणाला होता, प्रोफेसर शोभनाकडे जा, ती तुझ्यासाठी फाइट करेल, ती सगळ्यांसाठी करते. मी आठवडाभर धीर गोळा केला. आईला न सांगता आले होते. तुम्ही म्हणालात, मला माहीत आहे, तू वाजव.

तेव्हा मला वाटलं, आर्यचं सांगण्यासारखं आहे आणि माझं नाही. तुम्ही डीनसमोर टेबलावर हात आपटता आणि माझ्या वेळी पान चिकटल्याचं नाटक करता. लोक हसायचे तेव्हा तुम्हाला वाटायचं तुम्ही मला वाचवताय. मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते. मला माझी लाज वाटत नव्हती. चौदाव्या वर्षी पण नव्हती. ती मी घरी शिकले, आणि मग तुमच्याकडे.

आईशी मी कालपासून बोलायला लागले. थोडं थोडं. ऋतामावशी न्हाणीघराला कडी लावायची ते वाचून मला आईचीच दया आली, ती नऊ वर्षांची होती. तुमच्याशी बोलायला मला अजून वेळ लागेल. तुम्ही वाट बघू नका, पण पत्र लिहिलंत तर मी वाचीन.

एक सांगायचं आहे. गुरुवारी मी एकटी बसनं कॉलेजला गेले. डिसॅबिलिटी ऑफिस लायब्ररीच्या खाली आहे. फॉर्म दोन पानांचा आहे. भरायला वीस मिनिटं लागली, कारण मनगटाला बांधलेल्या ब्रेसमुळे डाव्या हातानं कागद धरता येत नव्हता. तिथल्या बाईंनी धरला. एका ठिकाणी लिहायचं होतं की कुठल्या क्लाससाठी मदत हवी आहे. मी तिथे खूप वेळ थांबले. सप्टेंबरसाठी मी एकही क्लास घेतलेला नाही. बाई म्हणाल्या, ते रिकामं ठेवलं तरी चालेल.

मी तिथे पियानो लिहिलं आणि सही केली.

स्वानंदी